शेवटचे कडवे कुठे गेले?

गेल्या एप्रिलात आमच्या वस्तीतील जयंती मंडळाची तीन मुले वही घेऊन घरी आली. ‘जय भीम काका! तुमची आजवरची सर्वांत आवडती दहा गाणी लिहून द्या. सगळ्या ज्येष्ठांकडून घेतोय. जास्त मते पडतील ती मिरवणुकीत वाजवणार.’ आम्हाला आनंद झाला. पोरे विचारायला तरी आली! आम्ही चष्मा लावला आणि पाच मिनिटांत दहा गाणी लिहून वही परत केली.

त्यातल्या एका मुलाने वही वाचली आणि सहज विचारले, ‘काका, ही कोणी लिहिलीत?’

दहापैकी चार हिंदी सिनेमाची गाणी होती. त्यांचे गीतकार आम्ही घडाघडा सांगितले. साहिर, शैलेंद्र, मजरूह. उरलेली सहा आमची, चळवळीची होती. त्यातील दोघांचीच नावे सांगता आली. चार गाण्यांना आम्ही गप्प! ज्या गाण्यांवर आमचे लहानपण गेले, ज्या गाण्यांनी आमच्या बापाला गावकीची कामे सोडायला बळ दिले, ती कोणी लिहिली हे आम्हाला ठाऊक नाही. चाळीस वर्षे चळवळीत आहोत म्हणून सांगतो आम्ही. त्या दिवशी लाज वाटली. हा लेख त्या लाजेपोटी लिहीत आहोत.

‘सर्वकालीन आवडती गाणी’ ही यादी करायला आम्हाला शिकवले कोणी? रेडिओने. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. श्रोत्यांची मागणी आणि तबकड्यांची विक्री यांवर क्रम ठरे. तबकडी विकत कोण घेणार? ज्याच्या घरी ग्रामोफोन तो! आमच्या वस्तीत ग्रामोफोन नव्हता, पुष्कळ घरांत दिवाही नव्हता. आमचे गाणे रॉकेलच्या बत्तीखाली, ढोलकी-पेटीवर, रात्रभर उभे राहून ऐकले गेले. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर ते लहान पुस्तिकांतून विकले गेले. ती विक्री कोणी मोजली? ते श्रोते कोणी मोजले? मग मराठीतील ‘अजरामर’ गाण्यांच्या प्रस्थापित याद्यांत आमचे गाणे दिसत नाही, याचे नवल कशाला!

प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण घ्या. पंढरीच्या वाटेवरचे त्यांचे गाणे आषाढीला घरोघर वाजते, सगळ्या जातींच्या घरांत वाजते. पण त्याच गळ्याने गायिलेली भीमगीते त्या घरांपर्यंत पोहोचतात काय? गळा तोच, ढोलकी तीच. शब्द बदलले की दार बंद! हा भेद सुरांचा नाही, हे सांगायला संगीततज्ज्ञ लागत नाही.

परंतु प्रस्थापितांना दोष देऊन आम्हाला मोकळे होता येणार नाही. त्यांनी आमची नावे लिहिली नाहीत, हे खरे. आम्ही तरी कुठे लिहिली?

आमच्या गीतकारांनी तर आपल्या परीने सोय करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव ओवायचे, ही या मातीतील जुनी रीत आहे. संतांनी ती पाळली, शाहिरांनी पाळली, वामनदादांनीही पाळली. ही हौस नव्हती. ज्याच्या नावावर जमीन नाही, घर नाही, छापील पुस्तक नाही, त्याचा तो सातबारा होता! गाणे तोंडी फिरत राहिले तरी धन्याचे नाव सोबत फिरावे, एवढीच त्याची मागणी. आम्ही काय केले? कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो आला आणि गीतकार बारीक अक्षरांत गेला, पुष्कळदा तिथूनही गेला. आता पेनड्राइव्ह आणि डीजे आला. मुखडा वाजतो, एक कडवे वाजते, की पुढचे गाणे सुरू. शेवटचे कडवे कोणी ऐकतच नाही. म्हणजे दरवर्षी चौदा एप्रिलला आम्ही बाबासाहेबांचा जयजयकार करीत आमच्याच कवींची नावे खोडतो आहोत!

कोकणच्या भूमीवर गाजलेल्या दोन राजांचे, रायगड आणि चवदार तळे एका ओळीत आणणारे गाणे कोणाला पाठ नाही? ते प्रतापसिंग बोदडे यांचे, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या गल्लीत दहा जणांना विचारून पाहा.

गैरसमज नको. मुले नाचतात याचे आम्हाला दुःख नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या रस्त्याने ताठ चालता आले नाही, त्यांची नातवंडे त्याच रस्त्यावर नाचतात, याहून मोठा सोहळा कोणता? चाल सिनेमाची घेतली म्हणूनही आम्ही नाक मुरडणार नाही. वामनदादा कर्डकांचे पहिले गाणे १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या विडंबनातूनच आले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस, अक्षरओळख मोठेपणी झालेला, आणि त्याने हजारो गाणी लिहिली! उसन्या चालीत त्यांनी स्वतःचा विचार भरला. आज काही गाण्यांत चालही उसनी आणि विचारही उसना. दंड थोपटणे, दुसऱ्याला दम देणे, गाडी आणि रुबाब. बाबासाहेबांचे नाव आहे, पण बाबासाहेबांनी सांगितलेले एकही काम त्यात नाही.

म्हणून आम्ही ती वही परत मागवली आणि यादी नव्याने केली. या वेळी प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारले. तुला लिहिले कोणी? तू ऐकणाऱ्याला काय करायला सांगतोस? आणि वीज गेली, भोंगा बंद पडला, तरी चार माणसे तुला म्हणू शकतील काय?

पहिल्या जागेवर आम्ही जात्यावरची ओवी लिहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही त्यात आहेत. ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून ही ठेव, गाणाऱ्या बायांच्या नावासकट, लोकांपुढे आणली. त्या बायांना कोणी लेखणी दिली नव्हती. पहाटे दळता दळता त्यांनी बाबासाहेबांना बाप केले, भाऊ केले. आमचे पहिले गीतकार कोण, असे कोणी विचारले तर आम्ही या आयाबायांकडे बोट दाखवू.

दुसरी जागा भीमराव कर्डकांच्या जलशाला दिली. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला सत्याग्रह म्हणजे काय, शाळा कशासाठी, मेलेले ढोर ओढायचे का सोडायचे, हे जलशांनी समजावले. तिसरी जागा अण्णा भाऊ साठे यांच्या, घाव घालून जग बदलायला सांगणाऱ्या गीताला. चौथी, पाचवी आणि सहावी वामनदादांना. त्याहून कमी देणे आम्हाला जमले नाही. सातवी जागा विठ्ठल उमप यांना. २०१० साली २६ नोव्हेंबरला दीक्षाभूमीवर, मंचावरच ते कोसळले आणि गेले. आठवी विलास घोगरे यांना. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसे मारली. चार दिवसांनी या शाहिराने गळफास घेतला. त्यांचे गाणे आवडते म्हणून नव्हे, विसरता येत नाही म्हणून लिहिले. नववी जागा कडूबाई खरात यांना. एक एकतारी आणि एक गळा. त्यांना ना डीजे लागतो ना भोंगा.

दहावी जागा मोकळी ठेवली आहे. ती एका वहीची आहे.

आमच्या वस्तीत एक गृहस्थ गायन पार्टीत गात असत. दिवसा हमाली, रात्री कार्यक्रम. स्वतः रचलेली गाणी त्यांनी एका जाड वहीत उतरवली होती. ‘एकदा बसू, सगळी टेप करून घेऊ,’ असे आम्ही त्यांना किमान दहा वर्षे म्हणत होतो. सभा, मोर्चे, निवडणुका. बसणे राहून गेले. ते वारले. महिन्याभराने विचारायला गेलो तेव्हा खोली रिकामी करताना जुन्या कागदांबरोबर वही रद्दीत गेली होती. त्यांच्या मुलाला आम्ही काय बोलणार? त्याला तिचे मोल सांगायचे काम आमचे होते. आज त्यांच्या एका गाण्याचा मुखडा आम्हाला येतो. शेवटचे कडवे येत नाही.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी, शेजारी, गावाकडे अशी वही आहे. आजीच्या ओठांवर ओवी आहे. प्रत्येक खिशात मोबाइल आहे. येत्या जयंतीपूर्वी एक तरी गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत टेप करा, रचणाऱ्याचे नाव, गाव आणि साल खाली लिहा. मंडळांनी वर्गणीतून एवढे करावे की, मिरवणुकीत गाणे लावण्याआधी माइकवरून गीतकाराचे नाव घ्यावे. त्याला एक पैसा पडत नाही.

आमच्या वस्तीतील मुलांनी हे कबूल केले आहे. दहाव्या जागेवर काय लिहायचे, ते त्यांनी शोधून आणायचे आहे.

जय भीम!