पी.टी. सुटली, ताट मात्र तेच!

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशी परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात फौजी म्हणजे धडधाकट गडी, असे आपण धरूनच चालतो. नेमका इथेच मधुमेह डाव साधतो.

जरा हिशेब मांडून पाहा. शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. फौजेत पहाटे पी.टी., दिवसभर ड्यूटी, संध्याकाळी खेळ. त्या मेहनतीला साजेसे लंगरचे भरपेट जेवण. गावी आल्यावर पी.टी. सुटते. कोणी बँकेच्या दारात सिक्युरिटीला बसतो, कोणी ट्रॅक्टर चालवतो. शेतातली पायपीटही आता मोटारसायकलने कमी केली. ताट मात्र फौजेतलेच राहते: सहा चपात्या, वर भाताचा ढीग, दिवसातून पाच वेळा गोड चहा. राबणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. काम थांबले की ती साखर रक्तातच राहते, पोटावर चरबी चढते आणि शरीरातले इन्सुलिन पुरे पडेनासे होते.

हे दुखणे शहरातले, असे समजू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत खेड्यातल्या १०० प्रौढांमागे सुमारे ९ जण मधुमेही आढळले. आणखी १५ जण उंबरठ्यावर होते, म्हणजे साखर वाढलेली, पण रोग अजून जडलेला नाही. उंबरठ्यावरच्यांचे हे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच निघाले.

उंबरठ्यावरून माघारी फिरता येते, ही यातली आशेची बाजू. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने उंबरठ्यावरच्या लोकांना तीन वर्षे पाहिले. २००६ साली निष्कर्ष आले. ज्यांना काही शिकवले नाही त्यांतल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालण्याचे नीट शिक्षण दिले, त्यांत ३९ जणांना झाला. औषध नाही, नुसते शिक्षण!

आता आपल्या पिकाचा विषय. मार्च २०२३ मध्ये लष्कराने जवानांच्या रेशनमध्ये भरडधान्याचे पीठ पुन्हा आणले. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी गव्हाच्या पिठासाठी ते बंद झाले होते. ज्वारी-बाजरीवाल्यांना याचा आनंद आहेच. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. याच संशोधन परिषदेच्या २०२५ सालच्या अहवालाने स्पष्ट सांगितले की एकूण पिठूळ अन्न कमी न करता नुसता भात सोडून गहू किंवा भरडधान्य खाल्ले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. त्यातला थोडा वाटा डाळी, कडधान्ये आणि दुधातल्या प्रथिनांनी घेतला, तर धोका उतरतो. थोडक्यात, चार चपात्यांच्या जागी चार मालदांडीच्या भाकरी हा उपाय नाही. दोन भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, हा उपाय आहे.

ताट असे भरा. निम्म्या ताटात पालेभाजी, वांगी, दोडका, काकडी, मुळा. पाव ताटात उसळ, पिठले, घट्ट वरण किंवा अंडी. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. सोबत ताक. हे सगळे परसबागेत आणि बांधावर पिकते. रानातला हुलगा आणि चवळी सगळी बाजारात नेऊ नका, घरासाठी पोतेभर ठेवा. गुळाचा चहा चालतो हा आपल्या उसाच्या पट्ट्यातला गैरसमज आहे. गूळ झाला तरी साखरच. कॅन्टीनमधून स्वस्तात येणारी बिस्किटे, तेल आणि बाटली यांनाही हात आखडता घ्या.

हे शिक्षण फौजी भावाला एकट्याला देऊन भागत नाही. चूल ज्यांच्या हाती, त्या वहिनी आणि आई तिथे बसल्या पाहिजेत. निवृत्त सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएसची आरोग्य योजना आहे, पण माणूस तिथे जातो तो बहुधा दुखणे जडल्यावर. शिवाय २०२२ पासून अग्निपथमधून भरती झालेल्या मुलांपैकी बहुतेक जण चार वर्षांनी पेन्शनविना परततील. त्यांच्या तब्येतीची चौकशी गावालाच करावी लागणार.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला माजी सैनिकांचा सत्कार करताच. त्यांना उपाशीपोटी यायला सांगा. आशाताई आणि उपकेंद्राच्या मदतीने आधी बोटातल्या रक्ताची तपासणी, मग जिलेबी. तिशीवरच्या सगळ्यांची तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे, वेगळा खर्च नाही. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर तो उंबरठा समजा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर प्रयोगशाळेत फेरतपासणी करून डॉक्टरांना भेटा. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर तीही धोक्याची घंटा. ज्यांना आधीच गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये आणि जेवणही एकदम घटवू नये.

फौजी बंधूंनो, वाढलेली साखर सुरुवातीला दुखत नाही. पुढे ती डोळे आणि मूत्रपिंड धरते. पायाची जाणीव गेली की रानात अनवाणी चालताना रुतलेला काटा कळतही नाही, आणि पाय गमावण्याची वेळ येते. शिस्त तुम्हाला कोणी शिकवायला नको. पहाटेची उठण्याची सवय अजून मोडली नसेल, तर रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चाला, आणि ताटातली तिसरी भाकरी उचलण्याआधी आज काम किती झाले, ते आठवा.