समुद्रवाऱ्यावर भिस्त नको

'मुंबईला समुद्र आहे, इथे दिल्लीसारखी वेळ यायची नाही' हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटत नाही. पाऊस ओसरला की वारे मंदावतात आणि धूळ-धूर शहरावरच कोंडून राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला खराब हवेची स्वतःहून दखल घ्यावी लागली, ती काय उगीच?

शिवाय दिल्लीपेक्षा बरी हवा म्हणजे निरोगी हवा नव्हे. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. हे कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, म्हणून दम्याइतकीच हृदयविकाराची आणि पक्षाघाताचीही धास्ती. त्यात वाढता उन्हाळा: कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन तयार होतो आणि श्वासनलिकांना सूज येते.

आमच्या शेजारी पुनर्विकासाचे पाडकाम चालू आहे. हिरवे कापड फाटून लोंबते आहे, पाणी मारलेले कधी दिसत नाही. तळमजल्यावरच्या आजी भर उकाड्यात खिडक्या लावून, हातात दम्याचा पंप घेऊन बसतात. बिगाऱ्यांच्या नाकाला तर नुसता रुमाल. पालिकेचे धूळनियम आहेत. ते मोडणाऱ्या कोणत्या बांधकामांवर कारवाई झाली, याची वॉर्डवार यादी दर आठवड्याला जाहीर व्हावी.

— एक वाचक, चेंबूर