करपा म्हणजे नेमका कोणता? फवारणीआधी पान ओळखा

सोयाबीनवरच्या तांबेऱ्याची बातमी दरवर्षी येते. पालघर जिल्ह्यात मात्र खरीप म्हणजे भात. आणि भाताच्या करप्याकडे आपले लक्ष जाते ते बहुधा लोंब्या पांढऱ्या पडल्यावर.

मुळात 'करपा' या एका शब्दाखाली तीन वेगळे रोग खपवले जातात. खरा करपा बुरशीचा. पानावर होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडतात. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. हीच बुरशी पुढे लोंबीच्या मानेवर गेली की मानमोडी होते आणि दाणे पळंज राहतात. दुसरा कडा करपा. यात पान शेंड्याकडून कडेकडेने नागमोडी पिवळे पडत पेंढ्यासारखे वाळते. हा जिवाणूजन्य आहे, बुरशीचा नाही. तिसरा तपकिरी ठिपका, तिळाएवढा. तो बुरशीचाच, पण बहुतेकदा उपाशी जमिनीत बळावतो.

फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रोगट पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरली, तर तो कडा करपा. त्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे खाचरात ओतणे.

हे सांगायचे कारण बोईसर-तारापूर पट्ट्यात जास्त आहे. कंपनीत पाळी करून शेती सांभाळणाऱ्याला फवारणीसाठी हातात असते ती साप्ताहिक सुट्टी. तो दुकानात 'करपा आलाय' एवढेच सांगतो आणि मिळेल ते औषध आणतो. चुकले तर पुढच्या सुट्टीपर्यंत रोग अख्ख्या खाचरात पसरलेला असतो. औद्योगिक वसाहतीजवळ पान जळले की कारखान्याच्या पाण्यावर संशय येणेही स्वाभाविक आहे. तक्रार जरूर करावी. पण आधी पान नीट पाहावे, म्हणजे तक्रारही टिकते.

बुरशीच्या करप्याला ढगाळ हवा, रिमझिम, तासन् तास ओली राहणारी पाने आणि युरियाचा सढळ हात मानवतो. नत्राची मात्रा एकदम न देता हप्त्यांत द्यावी. कडा करप्यातही तेच, शिवाय रोगट खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. तपकिरी ठिपक्यात उलट जमिनीला खायला घालावे लागते, विशेषतः पालाश.

खरे काम पेरणीआधीचे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाकावे, तरंगणारे काढून टाकावे, उरलेले धुऊन सावलीत वाळवावे आणि किलोला ३ ग्रॅम थायरम चोळावे. उभ्या पिकात खरा करपा दिसलाच, तर ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के, १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, ते लेबलवर वाचून पाळावे. युरोपीय संघाने या औषधाच्या तांदळातील अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाडा कोलमला परदेशी बाजार दाखवायचा असेल, तर हा आकडा वाड्यातही माहीत हवा.

सोयाबीनवर २००८ मध्ये अळ्यांनी हाहाकार केल्यानंतर राज्याने 'क्रॉपसॅप' ही कीड-रोग सर्वेक्षण योजना सुरू केली. भातही त्यात आहे. मग तिचा इशारा पाळीवरून घरी येणाऱ्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर सुट्टीच्या आदल्या दिवशी का पोहोचू नये? कृषी विभागाने आणि कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने पीक पोटरीत येण्याआधी गावोगावी हा ग्लासाचा प्रयोग करून दाखवावा. खर्च एका ग्लासाचा आहे.