तीन मिनिटांचे गाणे

गीताचा विस्तार किती असावा, या प्रश्नाचे उत्तर आमच्या पिढीच्या गीतकारांना साहित्यशास्त्राने दिले नाही. ते दिले दहा इंच व्यासाच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकडीने. तिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे, आणि तेवढ्याच अवकाशात आरंभीचा वाद्यमेळ, ध्रुवपद, अंतरे व त्यांच्यामधील स्वरखंड असा सारा संसार थाटावा लागे. मराठी भावगीताची आटोपशीर घडण म्हणजे या व्यापारी सोयीची निष्पत्ती, असे काही विद्वान टीकाकार आजही म्हणतात. माझे पहिले गीत ध्वनिमुद्रित झाले तेव्हाची हकिकत आठवली, की हे मत मला अपुरे वाटते.

तो काळ भावगीताला अनुकूल होता. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे नभोवाणी खाते आले, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि सुगम संगीताला केंद्राकेंद्रांतून आश्रय मिळाला. पुढच्याच वर्षी पुणे केंद्र सुरू झाले. मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह प्रसिद्ध झाला १९५४ मध्ये, परंतु जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेने त्यांच्या शब्दांना त्यापूर्वी कित्येक वर्षे घरोघर नेऊन पोचविले होते. छापखान्याचे तोंड न पाहताही कविता लोकांच्या मुखी रुजू होऊ शकते, ही गोष्ट साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला किती धीर देणारी होती, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

गीत सुचले ते माहुलीच्या संगमावर. पावसाळ्यात कृष्णा आणि वेण्णा दुथडी भरल्या, की पैलतीराशी दळणवळण खुंटे. आणि त्या गढूळ, वेगवान पाण्याकडे पाहत घाटाच्या पायऱ्यांवर उभी असलेली एक सासुरवाशीण माझ्या मनासमोर आली, जिचे माहेर डोळ्यांना दिसत होते पण पायांना दुर्लभ झाले होते. मी तीन अंतरे लिहिले. पहिल्यात नदी होती, दुसऱ्यात पैलतीरी उंबऱ्याशी दिवा घेऊन उभी राहिलेली आई होती, आणि तिसऱ्यात त्या मुलीने नदीला केलेली विनवणी होती, जी मला सर्वांत प्रिय होती.

ज्या संगीतकाराने ते गीत पसंत केले त्याच्या गिरगावातील खोलीवर तालीम चाले. समोर पेटी असे. १९४० पासून आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला होता, तरी ध्वनिमुद्रिकेच्या कामी तिला मोकळीक होती. मास्तरांनी चाल ऐकविली आणि शांतपणे म्हणाले, “राव, तिसरा अंतरा बसत नाही.” मी वाद घातला. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त दुसरा अंतरा गायिला, आईच्या दिव्यापाशी स्वर किंचित रेंगाळविला, आणि तेथून पुन्हा ध्रुवपदावर आले. आणि जे शब्द आरंभी केवळ पुराचे वर्णन करीत होते तेच आता, एकही अक्षर न बदलता, विनवणी होऊन बसले. कागदावर ध्रुवपदाची आवृत्ती ही पुनरुक्तीच असते, म्हणून छापताना आपण तिचे पहिले दोन शब्द देऊन पुढे टिंबे मांडतो. गायनात मात्र परतून आलेले ध्रुवपद मधल्या अंतऱ्याचा सारा भार घेऊन येते आणि एका स्वतंत्र कडव्याचे काम करते. तिसरा अंतरा चालीच्या अंगी अगोदरच होता.

मग शब्दांची पारख सुरू झाली. ‘मिटला आता माहेराचा पंथ’ अशी माझी ओळ होती. ‘पंथ’ शब्दापाशी गायिकेचा स्वर दातांआड कोंडला जाई, आणि मास्तरांना तर तेथे लांब ठेहराव हवा होता. ‘मिटली आता वाट माहेराची’ असे केल्यावर शेवटच्या दीर्घ ईकारावर त्या बाईंनी जो स्वर लावला, तो ऐकून मी जागच्या जागी स्तब्ध झालो. दुसऱ्या अंतऱ्यात ‘सुसाट वारा’ होता, त्याला हरकत ध्वनिमुद्रकाने घेतली. तबकडीच्या कडेपासून निघालेली सुई जसजशी मध्याकडे येते, तसतसे एका फेऱ्यात तिच्याखालून जाणारे अंतर कमी होत जाते, आणि स, श, च यांसारखे तीक्ष्ण वर्ण शेवटाकडे अस्पष्ट होतात, हे त्याने मला समजावून सांगितले. ‘सुसाट’च्या जागी ‘भणाण’ आला. यंत्राच्या गरजेतून आलेल्या त्या शब्दाने आईच्या भोवतीचे रितेपण मूळ शब्दापेक्षा अधिक नेमके सांगितले, असे मी आजही मानतो.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला एकच मायक्रोफोन होता. गायिका त्याच्या अगदी समीप, बासरी थोडी बाजूस, व्हायोलिने त्यामागे आणि तबला पार भिंतीजवळ, अशा अंतरांनीच आवाजांचे प्रमाण राखले जाई. गाणे आरंभापासून अखेरपर्यंत अखंड होई. शेवटच्या ओळीत तबल्याची एक थाप चुकली म्हणून सर्वांनी पुन्हा पहिल्या सुरापासून आरंभ केला, आणि कोणाच्याही मुखावर त्रासाची छटा दिसली नाही. नंतर मी महसुली तिकिटावर सही करून मेहनताना घेतला आणि रात्रीच्या गाडीने साताऱ्यास परतलो.

आज ध्वनिमुद्रणाला काळाची अट उरलेली नाही, आणि तरुण गीतकार मला विचारतात, की तो गाळलेला अंतरा आता जोडून गीत पूर्ण का करीत नाही. त्यांना मी सांगतो, की गीत पूर्णच आहे. संग्रह निघाला तेव्हा प्रकाशकांनीही तीन अंतऱ्यांचा मूळ मसुदा मागितला होता. मी दोनच दिले, ध्रुवपद दोन्ही वेळा टिंबांवाचून संपूर्ण छापावे असा आग्रह धरला, आणि विरामचिन्हे व्याकरणाच्या नियमांनी न देता, त्या बाईंनी जेथे जेथे श्वास घेतला होता तेथे तेथे दिली.