इस्त्री आणि पट्टा

मागच्या सीटवर बसणारे साहेब लोक सीटबेल्ट का लावत नाहीत, असं विचारलं तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर एकच आहे: शर्टाची इस्त्री मोडते. त्यात खोटं काही नाही. पट्टा छातीवरून तिरका जातो, घामाने शर्ट त्याखाली चिकटतो आणि मीटिंगला पोहोचेपर्यंत खांद्यापासून कमरेपर्यंत चुणी पडते. ज्याला गिऱ्हाईकासमोर उभं राहायचंय, त्याला ती चुणी खटकणारच. पण कपडे आणि गाडी या दोन्हींबाबत कामासाठी फिरणाऱ्या माणसाची आवड कोणाच्या नजरेसाठी असते, हे त्या एका चुणीत सगळं आलं, असं मला वाटतं.

मी खेड तालुक्यातला. चाकणला कंपन्या आल्या तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांनी जमिनीच्या पैशातून गाडी घेतली आणि ती कंपनीला लावली. आम्हीही लावली. आता आमच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून मुलं ठेवली आहेत, पण मुंबई विमानतळाची किंवा लांबची ड्यूटी असली की मी अजून स्वतः जातो. त्यामुळे गाडीत बसणाऱ्या पाहुण्यांना काय आवडतं, हे मला कंपन्यांच्या ट्रॅव्हल डेस्कच्या फोनवरूनही कळतं आणि आरशातूनही.

गाडीत पहिली पसंती इनोव्हाची. 2005 साली क्वालिस बंद झाली आणि तिच्या जागी इनोव्हा आली, तेव्हापासून या धंद्यात तिची जागा कोणी घेऊ शकलेलं नाही. याला नुसता मोठेपणा म्हणणं अन्याय होईल. सीट उंच आहे, त्यामुळे कंबर न वाकवता बसता-उतरता येतं. मागे एसीचे स्वतंत्र झोत आहेत. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आणि गर्दीतून गेलं तरी मणक्याला दणका कमी बसतो. चार जणांच्या बॅगा मावतात. उलट डिझायरला सीएनजीची टाकी बसवली की डिकीची जागा तिथेच संपते. दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरलेला पाहुणा उघड्या डिकीकडे बघत उभा राहतो आणि त्याची एक बॅग पुढच्या सीटवर ठेवावी लागते. त्याने सीएनजी गाडी नको म्हटलं तर मला वाईट वाटत नाही.

पण इनोव्हाची मागणी सोयीपाशी थांबत नाही. कोणत्या हुद्द्याला कोणती गाडी, हे कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. नवीन इंजिनिअरला डिझायर, टीम असेल तर अर्टिगा, वरच्या माणसाला इनोव्हा, तीही मागे दोन वेगळ्या सीटांची, पांढरी आणि नव्या मॉडेलची. इनोव्हाच्या हक्काच्या माणसाला अर्टिगा गेली तर त्याच रात्री तक्रार येते. रंग पांढरा लागतो, कारण उन्हात कमी तापतो आणि विकताना भाव मिळतो. काळी गाडी फक्त परदेशी पाहुण्यांसाठी किंवा मालक मंडळींसाठी मागतात. काचांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच मनाई केली, तरी पडदे आहेत का, अशी विचारणा अजून होते.

कपड्यांत मात्र माझ्या डोळ्यांदेखत बराच फरक पडला. माझ्या लहानपणी स्टँडवर उतरणारा कंपनीचा माणूस सफारीत असायचा आणि हातात व्हीआयपीची ताठ सुटकेस. पुढे टाय आला. एप्रिल-मेच्या उन्हात औषध कंपन्यांची पोरं गळ्याला टाय बांधून मोटारसायकलवरून येऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढताना मी पाहिली आहेत आणि त्या सक्तीचा मला आजही राग येतो. कोरोनानंतर बरंच सैल झालं. आता आकाशी शर्ट, गडद निळी पँट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, पाठीला लॅपटॉपची बॅग. वरच्या लोकांचा ब्लेझर असतो, तो खिडकीवरच्या हुकाला हँगरवर टांगतात आणि लेन बदलताना मला मागची डावी बाजू दिसत नाही. विनंती केली तर बरेच जण काढतात, काही जण काढत नाहीत.

मुंबईहून पहाटेचं विमान असलं की पुण्याहून आदल्या रात्रीच निघावं लागतं. त्या ड्यूटीत शहाणी माणसं कशी वागतात, ते मला मनापासून आवडतं. ती ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर बसतात, शर्ट घडी घालून बॅगेत ठेवतात, पट्टा लावून झोपतात आणि कपडे बदलायचेच असले तर वाटेतल्या फूड मॉलवर बदलतात. कामासाठी फिरणाऱ्या बायकांमध्ये ही समज मला जास्त दिसते. साडी असो की कुर्ता, पदर किंवा ओढणी नीट करून त्या बसल्याबरोबर पट्टा लावतात आणि घरी गाडीचा नंबर कळवतात. गाडी कुठली आहे, यावर त्यांनी केलेली तक्रार मला आठवत नाही. गाडी जोरात चालवल्याची तक्रार मात्र त्या करतात आणि ती रास्त असते.

4 सप्टेंबर 2022 ला उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. ते काही धंद्याच्या फेरीवर नव्हते, उदवाड्याहून मुंबईला येत होते. गाडी मर्सिडीज, तिच्यात एअरबॅगा होत्या. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर ती आदळली. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघं गेले. त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्या आठवड्यात माझ्या गाडीत बसणारा प्रत्येक साहेब मागचा पट्टा शोधत होता. दिवाळीपर्यंत ते संपलं. 1 नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या सीटलाही सक्ती केली. खरं तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून पट्टा न लावल्यास 1000 रुपयांचा दंड आहेच, आणि मागच्या प्रवाशाला पट्ट्याचा नियम त्याच्याही आधीचा आहे.

बाजारसुद्धा मागच्या माणसाची हौस पुरवतो. नवी गाडी आली की पहिलं काम म्हणजे सीट कव्हर. जाड रेक्झिनच्या कव्हरखाली मागच्या पट्ट्याचं बक्कल गाडलं जातं. वरून पांढरा टॉवेल. पट्टा न लावता घंटी बंद करणाऱ्या क्लिपा तर ऑनलाइन मिळत होत्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा अशा क्लिपांच्या 13,118 लिस्टिंग बंद झाल्या. आमच्या गाड्यांत कव्हर कापून बक्कल वर काढलेली आहेत. ती चांगली दिसत नाहीत, असं एका ट्रॅव्हल डेस्कने कळवलं होतं. आम्ही ती तशीच ठेवली.

मागे बसलेला माणूस मोकळा असला तर धोका त्याला एकट्याला नसतो. गाडी आदळली की तो पुढच्या सीटवर फेकला जातो आणि त्याच्या वजनाने पुढे बसलेला चेपला जातो. पुढे माझी ड्रायव्हर मुलं असतात. पण पंचविशीतल्या ड्रायव्हरने मागच्या साहेबांना ‘साहेब, पट्टा लावा’ म्हणायचं, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. त्याची पुढची ड्यूटी त्याच साहेबांच्या शेऱ्यावर असते. एकाने सांगून पाहिलं, तर ‘तू गाडी बघ’ असं उत्तर आलं.

हीच माणसं कंपनीच्या गेटच्या आत गेली की सेफ्टी शूज घालतात, डोळ्यांना चष्मा लावतात, हेल्मेट घालतात. पाहुण्यांना नारिंगी जॅकेट देतात. जमिनीवरच्या पिवळ्या रेघेबाहेर पाऊल पडलं तर साधा कामगार साहेबांना हटकतो आणि साहेब ऐकून घेतात. तिथे केसांचा भांग आणि शर्टाची इस्त्री कोणाला आठवत नाही. गेटवर आमच्या गाडीखाली आरसा फिरवून तपासणी होते, ड्रायव्हरचा पांढरा गणवेश, बूट, दाढी पाहतात. तो रात्री किती तास झोपला, हे विचारत नाहीत. मोजक्या कंपन्यांच्या गेटवर मागची काच खाली घ्यायला लावून पट्टे बघतात, आणि तिथे जाणारे पाहुणे चौकातच पट्टा लावून घेतात. म्हणजे जमतं.

म्हणून माझं मागणं ट्रॅव्हल डेस्कपाशी आहे. गाडी इनोव्हाच मागा, पांढरीच मागा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळी लवकर मीटिंग असेल तर कपडे बदलायला दहा मिनिटं धरून पिकअपची वेळ द्या. आणि आमच्या ड्यूटी स्लिपवर सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, टोल, पार्किंग आणि पाहुण्याची सही असे रकाने असतात, त्यात मागच्या पट्ट्याचा एक वाढवा. तो भरलेला नसेल तर ड्यूटी धरली जाणार नाही, असं कंपनीने स्वतः छापून द्यावं. मग आमच्या पोराला साहेबांना काही सांगावं लागणार नाही. स्लिप मागे सरकवायची आणि त्या ओळीवर बोट ठेवायचं.