आधी हजेरीपट बघा

परवा आमची नात सुट्टीला घरी आली. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आहे. पाणी तोडलेल्या ज्वारीच्या पानांत कोणती जनुके जास्त कामाला लागतात, हा तिचा विषय. परभणीच्या माणसाला ज्वारी आणि दुष्काळ समजावून सांगावे लागत नाहीत. आमचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेच १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी. 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण तिथलेच.

ज्वारीच्या जनुकसंचाचा आराखडा २००९ साली प्रसिद्ध झाला. जनुके सुमारे ३० हजार. दुष्काळात त्यांतली काहीशे बदलली, तर एवढी नावे वाचून काय कळणार? म्हणून संगणक त्यांचे गट पाडतो. एकाच कामाला हातभार लावणाऱ्या जनुकांचा गट म्हणजे 'पाथवे'. जपानमधल्या क्योटोत १९९५ पासून अशा नकाशांचा 'केग' नावाचा संग्रह तयार होतो आहे. आपल्या यादीत एखाद्या गटाची नावे अपेक्षेपेक्षा जास्त आली, की तो गट वर येतो.

"आबा, बघा, ज्वारीला पार्किन्सन झाला!" नात हसत म्हणाली. तिने जनुके सर्वसाधारण संग्रहाशी जुळवली होती. पेशीत ऊर्जा तयार करणारी जनुके त्या आजाराच्या गटातही मोजतात, आणि तशी जनुके झाडातही असतातच. एकच पोरगा लेझीम, कबड्डी आणि स्काउटमध्ये असावा, त्याला ताप आला की तिन्हीकडे गैरहजेरी लागावी, तसे हे.

मीही हसलो. पण मग मला माझीच एक जुनी चूक आठवली. एका वर्षी दहावीला २० मुले नापास झाली, त्यांतली १२ एकाच गावची. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "त्या गावच्या पोरांचा पायाच कच्चा." पुढे हजेरीपट काढला, तर वर्गातली दहापैकी सहा मुले त्याच गावची! म्हणजे नापासांतही तेवढीच असणार होती. तोवर एका बापाने पोराला शाळेतून काढून सालाने ठेवले होते.

नातीला हेच सांगितले. तुलना ३० हजारांशी नको, पानात जी जनुके मुळात सापडली त्यांच्याशीच कर. शिवाय ३०० गट तपासले आणि शंभरात पाच चुका चालतील म्हटले, तर १५ गट नुसत्या योगायोगानेही वर येऊ शकतात. त्याची दुरुस्ती करावीच लागते. आणि जनुकाचा निरोप वाढला म्हणजे काम झालेच, असेही नाही. वर्गात हजर असलेला प्रत्येक जण अभ्यास करतो थोडाच!

माझे मत एवढेच, की यादीत वर आलेले नाव म्हणजे उत्तर नव्हे, पुढे विचारायचा प्रश्न. या गटामुळे ज्वारी तगते असे ठाम लिहिले, तर त्या वाटेने कुणीतरी वाण शोधण्यात कित्येक हंगाम घालवील. शेतकऱ्याकडे तेवढे हंगाम फुकट घालवायला नसतात.

तिने प्रबंधातले ते वाक्य बदलले. "या गटाची प्रत्यक्ष तपासणी व्हायला हवी," असे लिहिले. मार्क कदाचित कमी पडतील. पडू देत. माझे वाक्य मला परत घेता आले नव्हते.

असो.