माळढोक सीमेपलीकडे गेला, तर त्याला वाचवणार कोण?
जगात आता जेमतेम १५० माळढोक उरलेत. त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या आसपास आहेत. तिथून पाकिस्तानची सीमा जवळच. पक्षी ती ओलांडतात आणि तिकडे त्यांना शिकारीचा धोका असतो.

म्हणूनच २०२० मध्ये गांधीनगरच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात माळढोकला सर्वोच्च संरक्षण मिळालं. पाकिस्तानही या करारात आहे, म्हणजे जबाबदारी दोघांचीही. पण एकमेकांशी बोलणंच बंद असेल, तर शिकारीचा जाब विचारणार कसा?

अर्थात, सगळा दोष पाकिस्तानवर ढकलता येत नाही. आपल्याकडे विजेच्या तारांना धडकूनही माळढोक मरतात. मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते. त्यामुळे गेलेला प्रत्येक पक्षी भरून निघायला वर्षं लागतात. तारांचा प्रश्न सोडवायला मात्र शेजाऱ्याची परवानगी लागत नाही.